हप्ता कुठून येणार? व्यवसायवाढीचा प्रस्ताव लिहिताना

व्यवसाय वाढवण्यासाठी बँकेत दिलेला प्रस्ताव वाचणारा अधिकारी पहिल्या पानापासून एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत असतो: हप्ता कुठून येणार? ‘प्रचंड मागणी’, ‘दर्जेदार उत्पादन’, ‘उज्ज्वल भवितव्य’ हे शब्द कितीही पेरले तरी त्यातून हे उत्तर निघत नाही. आपल्याकडचे चांगले, कष्टाळू छोटे उद्योजक इथेच अडतात. त्यांचा माल चोख असतो, गिऱ्हाईक बांधलेलं असतं, पण धंदा कागदावर उतरत नाही. मग कोणाकडून तरी साचेबंद प्रकल्प अहवाल करून आणला जातो. त्यात नाव आणि रक्कम तेवढी बदललेली असते. अधिकाऱ्याने दोन आकड्यांबद्दल विचारलं की मालकालाच उत्तर देता येत नाही, आणि फाईल बाजूला पडते.

प्रस्ताव मालकाने स्वतः लिहावा, सीएने तो तपासावा, असं माझं ठाम मत आहे. धंद्याचा हिशेब ज्याच्या बोटांवर आहे त्यालाच तो दुसऱ्याला पटवून देता येतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये त्यांना कुंडलजवळ जमीन आणि १० हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. कडबा कापण्याची यंत्रं आणि लोखंडी नांगर करून दाखवलेला हा माणूस औंधकरांना माहीत होता. आजच्या छोट्या उद्योजकाला असा ओळखीचा सावकार क्वचितच मिळतो. शाखा व्यवस्थापक दर काही वर्षांनी बदलतो, आणि कर्ज मंजूर करणारा अधिकारी अनेकदा वेगळ्याच शहरात बसलेला असतो. त्याने तुमची गिरणी पाहिलेली नसते, तुमची चटणी चाखलेली नसते. त्याच्यासमोर तुमच्या वतीने फक्त कागद बोलणार असतो.

तो कागद कसा तयार होतो, हे एका उदाहरणातून पाहू. समजा, सातारा–कोल्हापूर पट्ट्यात कांदा-लसूण चटणी आणि मसाले करणारा एक घरगुती उद्योग आहे. एक डंक, एक भाजणी यंत्र, पाकिटं भरण्याचं काम हाताने. वर्षाला १२ टन माल, सरासरी ३०० रुपये किलो दराने ३६ लाखांची विक्री आणि खर्च वजा जाता ३ लाखांचा नफा. उन्हाळ्यात ऑर्डरी पेलत नाहीत, म्हणून बराच माल बाहेरून कांडून घ्यावा लागतो. मालकीणबाईंना आणखी एक डंक, मोठं भाजणी यंत्र आणि पाकिटं भरून सील करणारं यंत्र घ्यायचं आहे. यातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण त्यांची मांडणी हीच राहील.

पहिलं पान

पहिल्या पानावर पाच गोष्टी असाव्यात: आज धंदा केवढा आहे, काय वाढवायचं आहे, एकूण खर्च किती, त्यातले स्वतःचे किती आणि बँकेकडून किती हवेत, आणि कर्ज किती काळात कसं फिटेल. हे पान सगळ्यात शेवटी लिहावं, कारण बाकीचा हिशेब पक्का झाल्याशिवाय ते लिहिताच येत नाही. अधिकाऱ्याने एवढं एकच पान वाचलं तरी त्याला वरिष्ठांकडे शिफारस करता आली पाहिजे.

धंद्याचा इतिहास थोडक्यात द्यावा. आजोबांपासूनची परंपरा सांगण्यापेक्षा गेल्या ३ वर्षांची विक्री, नफा आणि उधारी यांचा एक तक्ता जास्त बोलतो. एखाद्या वर्षी विक्री घटली असेल तर ती लपवू नये. कारण आणि त्यावर केलेला उपाय दोन ओळींत लिहावा. विवरणपत्रात तो आकडा अधिकाऱ्याला दिसणारच असतो. तुम्ही आधी सांगितलात तर बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसतो.

मागणीचा पुरावा

‘बाजारात मोठी मागणी आहे’ हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं, त्यामुळे ते कोणालाच पटत नाही. विस्तार मागणाऱ्याकडे मात्र नव्या उद्योजकाकडे नसलेला एक पुरावा असतो: आज परत पाठवावी लागणारी गिऱ्हाइकं.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी निदान एक हंगाम वही ठेवावी. तारीख, दुकानाचं नाव, किती किलो मागितले, किती दिले, किती नाकारले. उदाहरणातल्या उद्योगाच्या वहीत वर्षभरात ३ टनांच्या नाकारलेल्या ऑर्डरी निघाल्या. नव्या दोन गावांतल्या दुकानदारांनी मिळून दीड टन माल घेऊ अशी पत्रं दिली. १२ टनांचे साडेसोळा टन होणार, म्हणजे विक्री जवळपास ५० लाख, हा अंदाज आता हवेतला राहत नाही. त्यातला प्रत्येक टन कोण घेणार हे दाखवता येतं.

नव्या यंत्रांची क्षमता याहून जास्त असते, आणि तिथे एक मोह होतो. यंत्र वर्षाला ४० टन काढू शकतं म्हणून पहिल्याच वर्षी ४० टनांची विक्री लिहिली जाते. यंत्राची क्षमता आणि बाजाराची मागणी यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिल्या वर्षी क्षमतेचा थोडाच भाग वापरला जाईल आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढेल, असं लिहिणाऱ्याला धंदा कळतो, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

किती पैसे लागणार, कुठून येणार

आता खर्च. यंत्रं ९ लाख, वाढीव वीजभार आणि वायरिंग १ लाख, शेडमधली कामं दीड लाख, अडीअडचणीसाठी ५० हजार. हे झाले १२ लाख. प्रत्येक मोठ्या यंत्रासाठी दोन-तीन कोटेशन जोडावीत, आणि सगळ्यात स्वस्त सोडून दुसरं निवडलं असेल तर का, ते लिहावं. सुटे भाग जवळ मिळतात, दुरुस्तीचा माणूस एका दिवसात येतो, ही कारणं अधिकाऱ्याला पटतात. कोटेशनमध्ये जीएसटी, वाहतूक आणि बसवण्याचा खर्च धरला आहे का, हेही पाहावं. तो राहिला की काम अर्ध्यावर असताना पैसे संपतात.

यात अनेकजण विसरतात ती गोष्ट म्हणजे वाढलेल्या मालासाठी लागणारं खेळतं भांडवल. माल दीडपट झाला की मिरची, खोबरं, तीळ, पाकिटं आणि दुकानांतली उधारी हे सगळंच वाढतं. यंत्रं आली आणि कच्च्या मालाला पैसे उरले नाहीत, या कारणाने बंद पडलेले विस्तार कमी नाहीत.

याचं एक ठरलेलं गणित आहे. रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये तेव्हाचे उपगव्हर्नर पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली लघुउद्योगांच्या कर्जपुरवठ्यावर समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून आलेली पद्धत बँका आजही वापरतात: वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले किमान २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के मालकाने घालायचे. ५० लाखांच्या विक्रीवर हे १० लाखांचं कॅश क्रेडिट आणि अडीच लाख स्वतःचे.

म्हणजे प्रकल्पाचा खर्च १२ अधिक अडीच, साडेचौदा लाख. त्यात ९ लाखांचं मुदत कर्ज आणि साडेपाच लाख स्वतःचे. शिवाय १० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा वेगळी. स्वतःचे साडेपाच लाख कुठे आहेत ते दाखवावं लागतं: किती मुदत ठेवीत, किती बचत खात्यात, किती घरच्यांकडून. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यावर अचानक आलेली रक्कम उसनवारीची वाटते आणि त्यावर प्रश्न येतात.

मिरचीचा हंगाम

नायक समितीच्या गणितात एक गृहीत आहे. पैसा साधारण तीन महिन्यांत फिरून परत येतो, असं त्यात धरलेलं आहे. चटणीच्या धंद्यात तसं होत नाही. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरची वर्षाच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत बाजारात येते. चांगला माल तेव्हाच घेऊन ठेवावा लागतो. विक्री मात्र वर्षभर चालते.

आपल्या उदाहरणात वर्षाला ८ टन मिरची लागते असं धरू. २०० रुपये किलोने तिचे १६ लाख होतात. सगळी मिरची हंगामात घेतली तर साडेबारा लाखांचं खेळतं भांडवल एकट्या मिरचीलाही पुरत नाही. म्हणून प्रस्तावात महिन्यावार रोख आवक-जावक दाखवणारा तक्ता हवा. त्यात फेब्रुवारी ते मे या काळात पैसा किती अडकतो, कोणत्या महिन्यात मोकळा होतो, आणि तुटीवर उपाय काय, हे दिसावं. ५ टन मिरची हंगामात रोखीने घ्यायची, उरलेली शीतगृहात ठेवून पावतीवर तारण कर्ज काढायचं किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडून पुढे टप्प्याने उचलायची, हा उपाय होऊ शकतो. बँकेशीही बोलून हंगामापुरती मर्यादा वाढवून मागता येते. नायक समितीचे २० टक्के हे किमान प्रमाण आहे. जास्त मागायचं तर गरज आकड्यांनी दाखवावी लागते, आणि हा तक्ता तेच करतो.

वीटभट्टी, बेदाणा, आंबा पल्प, शाळेचे गणवेश, दिवाळीचा फराळ, असा कुठलाही हंगामी धंदा असला तरी हा तक्ता प्रस्तावाचा कणा असतो. वर्षाचा सरासरी आकडा छान दिसतो, पण चेक परत जातो तो एखाद्या विशिष्ट महिन्यात.

हप्त्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ५० लाखांच्या विक्रीत कच्चा माल, पाकिटं, वाहतूक हे विक्रीबरोबर वाढणारे खर्च ७० टक्के धरू. आज ते ७५ टक्के आहेत. बाहेरून कांडून घेण्याचा खर्च वाचल्यामुळे ते कमी होतात. हाती राहिले १५ लाख. त्यातून मजुरी साडेपाच लाख, भाडं-वीज-विमा-दुरुस्ती २ लाख १० हजार, यंत्रांचा घसारा दीड लाख, मुदत कर्जाचं व्याज ९० हजार आणि कॅश क्रेडिटचं १ लाख गेलं. नफा ४ लाख. या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असं धरू.

हप्ता भरण्याची ताकद मोजताना नफ्यात घसारा परत मिळवतात, कारण तो हिशेबात दिसतो पण खिशातून जात नाही. मुदत कर्जाचं व्याजही मिळवतात, कारण ते समोरच्या बाजूला हप्त्यात धरलेलं असतं. ४ लाख, दीड लाख आणि ९० हजार मिळून ६ लाख ४० हजार. बँकेच्या तक्त्यात बहुधा इथेच थांबतात. पण प्रामाणिक प्रस्ताव पुढची वजाबाकीही करतो. घर याच धंद्यावर चालतं. महिना २० हजारांची घरखर्चाची उचल धरली तर वर्षाला २ लाख ४० हजार गेले. उरले ४ लाख. हप्ता यातूनच जाणार आहे.

९ लाखांचं कर्ज ७ वर्षांत फेडायचं, पहिले ६ महिने फक्त व्याज भरायचं, तर मुद्दलाचे ७८ हप्ते होतात. वर्षाला मुद्दल सुमारे १ लाख ३८ हजार आणि सुरुवातीचं व्याज साधारण ९० हजार, मिळून जवळपास २ लाख ३० हजार. उरलेल्या ४ लाखांना २.३० लाखांनी भागलं की उत्तर १.७४. या गुणोत्तराला बँकेच्या भाषेत डीएससीआर म्हणतात. साधारण दीड किंवा त्याहून जास्त असलं तर अधिकारी निर्धास्त असतो. इथे तर घरखर्च वजा करूनही ते त्याहून वर आहे.

आता विक्री अंदाजापेक्षा १० टक्के कमी झाली असं धरू. ५० लाखांचे ४५ लाख झाले. हाती राहणारे १५ लाख आता साडेतेरा लाख होतात, म्हणजे दीड लाख कमी. हप्त्यासाठी उरले अडीच लाख. हप्ता २.३० लाख. ताण पडेल, पण हप्ता जाईल.

हेच कर्ज ५ वर्षांत फेडायचं ठरवलं असतं तर मुद्दलच वर्षाला २ लाख झालं असतं आणि व्याजासह २ लाख ९० हजार भरावे लागले असते. चांगल्या वर्षी ते जमलं असतं. १० टक्के घट झालेल्या वर्षी ४० हजार कमी पडले असते. कर्ज लवकर फेडण्याची आपली सवय चांगली आहे, पण मुदत ठरवताना अभिमान बाजूला ठेवून मंद वर्षाचा आकडा पाहावा. पैसे जास्त आले तर आधी भरता येतात. मुदत मागाहून वाढवून मागितली की खात्यावर डाग लागतो.

भाव वाढला तर?

विक्रीपेक्षा मोठा धोका कच्च्या मालाचा असतो, आणि बहुतेक प्रस्तावांत त्याचा उल्लेखही नसतो. मिरची किलोला ५० रुपयांनी महागली तर ८ टनांवर ४ लाखांचा जादा खर्च. वर्षाचा अख्खा नफा गेला. मिरचीच्या भावात असे चढउतार होतात हे बाजार ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि प्रस्ताव तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असू शकतं.

म्हणून याचं उत्तर प्रस्तावातच द्यावं. हा जादा खर्च साडेसोळा टनांवर वाटला तर चटणीचा दर किलोमागे २४–२५ रुपयांनी वाढवावा लागेल. ३०० ची चटणी ३२५ ला जाईल का? मागच्या वेळी मिरची महागली तेव्हा आपण दर किती वाढवला, किती दुकानं सुटली, किती टिकली, हे जुन्या बिलांवरून दाखवता आलं तर त्याहून मोठा पुरावा नाही. हंगामात माल घेऊन ठेवण्याची सोय हा भाववाढीवरचा दुसरा उपाय. जोखमीचं प्रकरण लिहिलं की प्रस्ताव कमकुवत दिसतो, ही भीती खोटी आहे. ज्याने वाईट दिवसाचा विचार केला आहे त्यालाच लोक पैसे देतात.

योजना, हमी आणि परवाने

सरकारी योजनांची माहिती प्रस्तावाला बळ देते, पण प्रस्ताव त्यांच्यावर उभा करू नये. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलेलं आहे. आपल्या उदाहरणातले १२ लाख पूर्ण पात्र ठरले तर ४ लाख २० हजार. मात्र ही रक्कम हातात मिळत नाही. ती बँकेत राखून ठेवली जाते आणि खातं नियमित राहिलं तर ३ वर्षांनी कर्जात वळती होते. म्हणून हप्त्याचा हिशेब अनुदान न धरताच जुळला पाहिजे. योजनेची सध्याची मुदत आणि अटी जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्याव्यात, आणि मंजुरीआधी यंत्रं खरेदी करू नयेत.

तारण नसेल तर सीजीटीएमएसईची हमी उपयोगी पडते. केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० मध्ये हा न्यास स्थापला. त्याची हमी बँकेला असते. कर्ज बुडालं तर बँकेचं काही नुकसान तो भरून देतो, पण कर्जदाराची जबाबदारी त्याने संपत नाही. हमीचं शुल्कही लागतं. ते खर्चात धरावं.

वाढीबरोबर येणारी नवी बंधनं लिहायला विसरू नये. ३६ लाखांवरून ५० लाखांवर जाताना मालाच्या विक्रीची ४० लाखांची जीएसटी मर्यादा ओलांडली जाते. नोंदणी, दरमहाचा हिशेब, किमतीवर होणारा परिणाम हे सगळं आधी ठरवावं लागतं. अन्न परवान्यात वाढीव उत्पादनक्षमतेची नोंद, महावितरणकडून वाढीव वीजभार, भाड्याच्या जागेचा निदान कर्जाच्या मुदतीएवढा करार, उद्यम नोंदणी, यांची सद्यस्थिती एका तक्त्यात द्यावी: झालं, अर्ज दिला, बाकी. आणि अर्ज करण्याआधी स्वतःचा सिबिल अहवाल काढून पाहावा. जुन्या क्रेडिट कार्डाची विसरलेली थकबाकी किंवा कोणाच्या तरी कर्जाला दिलेली जामीनकी तिथेच कळते.

समोर बसल्यावर

भाषा साधी ठेवावी. मूळ मजकूर आठ-दहा पानांत बसतो, बाकी सगळं जोडपत्रांत. पहिल्या पानावरचा आकडा तक्त्यातल्या आकड्याशी आणि तक्त्यातला विवरणपत्राशी जुळतो का, हे दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावं. एक आकडा चुकला की वाचणारा उरलेले सगळे संशयाने वाचतो. फाईल देताना भेटीची वेळ मागावी, अधिकाऱ्याला जागा पाहायला बोलवावं, नाकारलेल्या ऑर्डरींची वही सोबत ठेवावी. प्रस्ताव नामंजूर झालाच तर कारण लेखी मागावं. बहुतेक वेळा ते दुरुस्त करण्यासारखं असतं.

एवढी मेहनत फक्त बँकेसाठी आहे असं समजू नका. हिशेब मांडता मांडता कधीकधी दिसतं की १२ लाखांचा विस्तार आज पेलणार नाही, पण एकट्या सील यंत्राने आणि एका जादा डंकाने ४–५ लाखांत निम्मं काम होतं. तसं दिसलं तर छोटाच प्रस्ताव द्या. तो मंजूर होण्याची शक्यता जास्त, आणि वर्षभर वेळेवर गेलेले हप्ते पुढच्या मोठ्या प्रस्तावाचा सगळ्यात भक्कम पुरावा होतात. आणि कर्ज मिळालं तर प्रस्ताव कपाटात ठेवू नका. दर महिन्याच्या अखेरीस त्यातला अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी लिहा. विक्री कुठे मागे पडली, उधारी कुठे तुंबली, मिरचीला किती जास्त गेले, हे हप्ता चुकण्याच्या कितीतरी आधी कळेल, आणि उपाय करायला तेव्हा वेळ हातात असेल.